हडर्सफील्डचा प्रेक्षक कुठे गेला?

२ नोव्हेंबर २०१३ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड शहरात रग्बी लीगच्या विश्वचषकातला इंग्लंड विरुद्ध आयर्लंड सामना झाला. मैदानाची क्षमता साधारण चोवीस हजारांची. त्या दिवशी २४,३७५ प्रेक्षक आले. मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. शहराचा स्वतःचा संघ हडर्सफील्ड जायंट्स याच मैदानावर खेळतो. त्याच वर्षी तो सुपर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या साखळीत पहिला आला होता, आणि असे ८१ वर्षांनी घडले होते. एवढे होऊनही त्या हंगामात त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी एक तृतीयांश खुर्च्याही भरल्या नाहीत. पुढे आकडा आणखी खाली आला आणि अलीकडे तो चार ते सहा हजारांच्या दरम्यान रेंगाळतो आहे. शहराला या खेळाचे वावडे नाही, संघ अगदीच दुबळा नाही, मैदान रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मग लोक का येत नाहीत? फुटबॉलने प्रेक्षक पळवला, टीव्हीने घरी बसवला, संघ करंडक जिंकत नाही, ही नेहमीची उत्तरे. प्रत्येकात थोडे तथ्य आहे, पण शेजारच्या गावांकडे नजर टाकली की ती अपुरी पडतात. माझे म्हणणे असे, की स्थानिक संघाची गर्दी ही मुख्यतः आईबापांनी मुलांना लावलेली सवय असते. त्या सवयीला राहायला स्वतःची जागा लागते आणि ओळखीचे नाव लागते. हडर्सफील्डमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांत या दोन्ही गोष्टी हातच्या गेल्या, आणि एक अख्खी पिढी त्या सवयीविना मोठी झाली.

रग्बीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची फारकत याच शहरात झाली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी स्टेशनशेजारच्या जॉर्ज हॉटेलात यॉर्कशर आणि लँकेशर भागातल्या एकवीस क्लबांचे प्रतिनिधी जमले. वाद वरवर पैशांचा होता, मुळाशी वर्गाचा. खाणीत किंवा गिरणीत राबणारा खेळाडू शनिवारी सामन्याला गेला की त्याची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, ही उत्तरेची मागणी. खेळ हौसेसाठीच असला पाहिजे, हा सुखवस्तू दक्षिणेचा हट्ट. अखेर उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. हे पैसे येणार होते प्रवेशद्वारावरच्या गल्ल्यातून. म्हणून खेळही प्रेक्षकाला बघवेल असा घडवत नेणे भाग पडले. १९०६ मध्ये संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले, चेंडूवर ढीग घालून चालणारी रेटारेटी कमी झाली, पकडलेल्या खेळाडूने उठून पायाने चेंडू मागे ढकलायचा आणि खेळ पुढे चालू ठेवायचा अशी रीत आली. १९७२ पासून सहा पकडींचा हिशेब आहे: षटकात सहा चेंडू असावेत तशा सहा पकडी, मग चेंडू समोरच्या संघाकडे. रग्बी लीग हा जन्मापासून गल्ल्यावर जगलेला खेळ आहे. मोठ्या देणगीदारांच्या किंवा विद्यापीठांच्या आधारावर तो घडला नव्हता. त्यामुळे इथे रिकाम्या खुर्चीचा प्रश्न शोभेपुरता राहत नाही, थेट पोटावर येतो.

आणि एके काळी हडर्सफील्डच्या गल्ल्याला तोटा नव्हता. शहराच्या मध्यापासून मैलभरावर फारटाउन नावाचे मैदान होते. त्याला लागूनच यॉर्कशर कौंटीचे क्रिकेट सामने होत. या मैदानावर १९१४-१५ च्या हंगामात हडर्सफील्डने त्या काळातले चारही करंडक एकाच वर्षात जिंकले. कर्णधार हॅरल्ड वॅगस्टाफ जवळच्या होमफर्थचा, तिथल्या अंडरबँक क्लबात खेळून वयाच्या पंधराव्या वर्षी मोठ्या संघात आलेला. त्याच्या जोडीचा ऑस्ट्रेलियन आल्बर्ट रोझेनफेल्ड याने १९१३-१४ मध्ये एका हंगामात ८० ट्राय केल्या, म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवला. तो विक्रम शंभर वर्षे उलटून गेली तरी कुणाला मोडता आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लायनेल कूपर, जॉनी हंटर आणि पॅट डेव्हरी या तीन ऑस्ट्रेलियनांनी पुन्हा तसेच दिवस आणले. १९४७ मध्ये लीड्स आणि वेकफील्ड यांच्यातला चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा उपांत्य सामना फारटाउनवर ठेवला गेला तेव्हा ३५,१३६ लोक आले होते. ही गर्दी कशी जमत असेल, हे नीट पाहायला हवे. लोकरी कापडाच्या गिरण्या शनिवारी दुपारी सुटत. ज्या गल्लीत कामगार राहत, त्याच गल्लीत शाळा, दारूचा गुत्ता, चॅपल आणि हौशी रग्बीचा क्लब असे. बाप मुलाला खांद्यावर घेऊन चालत मैदानावर जाई, दरवेळी त्याच कठड्याजवळ उभा राही, आणि आजूबाजूला ओळखीचीच माणसे असत. सामना पाहायला जायचा निर्णय कुणी घेतच नसे. शनिवार उजाडला की जाणे होई. ‘सवय’ म्हणताना मला हे अभिप्रेत आहे.

ही सवय कशी मोडली, त्याचा क्रम लावता येतो. संघाने १९६२ मध्ये वेकफील्डला हरवून विजेतेपद मिळवले. ते आजवरचे शेवटचे. पुढच्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, शनिवारची ती दुपार विरून गेली, आणि रग्बी लीगच्या सगळ्याच क्लबांची गर्दी ओसरली. इथवरची कथा सगळ्यांची सारखी. हडर्सफील्डची वेगळी कथा सुरू होते १९८४ मध्ये. त्या वर्षी नव्या व्यवस्थापनाने गर्दी वाढवण्यासाठी संघाचे नाव बदलून हडर्सफील्ड बॅराकुडाज केले आणि फारटाउनला अरिना ८४ म्हणायला सुरुवात केली. बॅराकुडा हा उष्ण समुद्रातला दातेरी मासा. पेनाइन डोंगरांच्या कुशीतल्या, समुद्रापासून लांब असलेल्या कापडगावाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. नवे प्रेक्षक आले नाहीत आणि जुन्यांना आपला संघ ओळखू येईना. चार वर्षांत नाव मागे घ्यावे लागले. दरम्यान मे १९८५ मध्ये शेजारच्या ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर आगीत ५६ माणसे दगावली आणि देशभरातल्या जुन्या स्टँडांवर सुरक्षेचे कडक नियम आले. डागडुजीला पैसा नसलेल्या फारटाउनसारख्या मैदानांना ते झेपणारे नव्हते. काही सामन्यांना हजारही माणसे नसत. १९९२ मध्ये क्लबने फारटाउन सोडले, दोन वर्षे फुटबॉल संघाच्या लीड्स रोड मैदानावर काढली, आणि १९९४ मध्ये दोन्ही संघ नव्या स्टेडियममध्ये गेले. १९९६ मध्ये जायंट्स हे नाव आले. १९९८ मध्ये सुपर लीगमध्ये प्रवेश मिळाला, पण तिथे सलग चार वर्षे शेवटचा क्रमांक. त्यातच २००० साली सर्वांत मोठा घाव बसला: रग्बी लीग संघटनेच्या प्रोत्साहनाने क्लबचे शेफील्ड ईगल्सशी विलीनीकरण झाले आणि संघ हडर्सफील्ड-शेफील्ड जायंट्स म्हणून उतरला. शेफील्डकरांनी लगेच आपला वेगळा क्लब पुन्हा उभा केला. हडर्सफील्डकरांच्या वाट्याला अर्ध्या नावाचा आणि सतत हरणारा संघ आला. सोळा वर्षांत तीन नवी नावे आणि तीन मैदाने. या काळात जे मूल दहा वर्षांचे होते, त्याला बापाने कुठे न्यायचे होते आणि कोणत्या नावाने ओरडायला शिकवायचे होते? जुनी माणसे आजही संघाला फारटाउन म्हणतात. ते ज्या मैदानाचे नाव घेतात, तिथे त्यांच्या नातवंडांनी एकही मोठा सामना पाहिलेला नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: संघ जिंकू लागला की लोक परततात, इतिहासाची इतकी चिरफाड कशाला? पण जायंट्सनी हा प्रयोग करून पाहिला आहे. २००३ मध्ये वरच्या श्रेणीत परतल्यावर त्यांनी चांगली बांधणी केली. २००६ आणि २००९ मध्ये ते चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात पोचले. २०१३ मध्ये साखळीत पहिले आले, आणि त्यांचा डॅनी ब्रो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२२ मध्ये पुन्हा चॅलेंज कपची अंतिम फेरी गाठली आणि अगदी शेवटच्या मिनिटांतल्या ट्रायमुळे विगनकडून १६-१४ असा निसटता पराभव झाला. वीस वर्षांत एवढी चढती कमान असूनही खुर्च्या भरल्या नाहीत. उलट हल शहरातल्या हल केआरचे उदाहरण पुढे केले जाते. २०२५ मध्ये या संघाने चॅलेंज कप, साखळीतला पहिला क्रमांक आणि अंतिम विजेतेपद असे तिन्ही मान मिळवले, आणि त्याचे घरचे मैदान गच्च भरत होते. हे खरे आहे. पण हल केआर पूर्व हलचा, हल एफसी पश्चिमेचा, ही विभागणी तिथे घराघरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे आणि वाईट काळातही ती पुसली गेली नाही. तिथल्या यशाने धगधगत्या निखाऱ्यावर फुंकर घातली. हडर्सफील्डच्या यशाला फुंकायला निखाराच फारसा उरला नव्हता. शिवाय हुकलेले अंतिम सामने आणि मिळालेला करंडक यांत फरक असतो, हेही मान्य करायला हवे. १९६२ नंतर साठ वर्षे ज्यांनी संघाला मोठा करंडक उंचावताना पाहिले नाही, त्यांच्या उत्साहाला मर्यादा असणारच.

दुसरा आक्षेप फुटबॉलचा, आणि तो जास्त वजनदार आहे. एकाच मैदानावर खेळणारा हडर्सफील्ड टाउन हा फुटबॉल संघ २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षे प्रीमियर लीगमध्ये होता तेव्हा मैदान ओसंडून वाहत होते. २०२४ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घसरला, तरी त्याच्या सामन्यांना जायंट्सच्या कित्येक पट लोक येतात. म्हणजे फुटबॉलने रग्बीला गिळले, असा निष्कर्ष निघतो. फुटबॉलची ही ओढ जुनी आहे. १८९५ च्या फुटीनंतरची पहिली स्पर्धा ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम क्लबने जिंकली होती, आणि त्याच क्लबने पैशांच्या ओढाताणीत १९०३ साली रग्बी सोडून फुटबॉल पत्करला. तोच आजचा ब्रॅडफर्ड सिटी. पण हडर्सफील्डच्या फुटबॉलचा इतिहास उलगडला की वेगळेच काही दिसते. टाउनची स्थापना १९०८ ची. त्या वेळी शहर रग्बीचे होते. १९१९ मध्ये टाउनला प्रेक्षक मिळेनात, इतके की क्लब सरळ लीड्सला हलवण्याचा घाट घातला गेला. तेव्हा हडर्सफील्डचे लोक खडबडून जागे झाले, त्यांनी पैसे गोळा केले, क्लब वाचवला. पुढे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी बांधलेल्या या संघाने १९२२ मध्ये एफए कप आणि १९२४, १९२५, १९२६ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली. याच शहरात जन्मलेले पंतप्रधान हॅरल्ड विल्सन त्या संघाचे छायाचित्र पाकिटात बाळगत, असे सांगितले जाते. ज्या खेळाला शंभर वर्षांपूर्वी इथे गिऱ्हाईक नव्हते, तो आज शहराचा खेळ आहे. म्हणजे सवय नव्यानेही लागू शकते. मात्र त्यासाठी तेव्हा काय काय जुळून आले ते पाहा: क्लब हातचा जाण्याची भीती, लोकांनी स्वतः घातलेला पैसा, स्वतःचे मैदान आणि त्यानंतर अर्धे दशक अखंड विजय. जायंट्सना यातले एकही पूर्ण मिळालेले नाही. त्यांच्यामागे १९९६ पासून केन डेव्ही नावाचा चिवट मालक उभा राहिला. त्यांनीच २००३ मध्ये डबघाईला आलेल्या टाउनलाही सावरले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण एक माणूस तोटा भरून काढत असेल तर शहराला क्लब बुडण्याची भीती वाटत नाही, आणि क्लब आपला आहे ही जाणीवही मंदावते.

फुटबॉलचे कारण अपुरे का, हे जुन्या लँकेशरमधल्या ली गावाकडे पाहून कळते. पन्नास हजारांच्या आतबाहेर वस्तीचे हे गाव. रेल्वे स्टेशनसुद्धा नाही. हडर्सफील्डची वस्ती याच्या तिप्पट. तरी लीचा संघ घरच्या सामन्यांना जायंट्सपेक्षा बरेच जास्त लोक खेचतो. लीमध्ये मोठा फुटबॉल क्लब नाही हे खरे, पण मँचेस्टर आणि लिव्हरपूलचे जगप्रसिद्ध क्लब तासाभराच्या आत आहेत आणि त्यांचे चाहते लीमध्ये घरोघर सापडतील. २०२२ च्या अखेरीस या क्लबनेही नाव बदलले: सेंच्युरियन्सचे लेपर्ड्स झाले, कपड्यांवर बिबट्याचे ठिपके आले. पुढच्याच वर्षी त्यांनी चॅलेंज कप १७-१६ असा जिंकला, १९७१ नंतर पहिल्यांदा. बॅराकुडाज जिथे आपटले तिथे लेपर्ड्स कसे तरले, हा मला या सगळ्यातला सर्वांत शिकण्यासारखा प्रश्न वाटतो. नावात दोष नव्हता. लीमध्ये गावाचे नाव, लोकांची जुनी ओढ आणि गावकऱ्यांना आपले वाटणारे बारा हजारांचे मैदान शाबूत होते. ठिपके त्यावर चढले. हडर्सफील्डमध्ये मैदान कोसळत होते, संघ हरत होता, आणि वरून नाव काढून घेतले गेले.

ब्रॅडफर्डचा दाखला मात्र माझ्या म्हणण्याला खरोखर अडचणीचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. हडर्सफील्डपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या या शहरात १९९६ मध्ये ब्रॅडफर्ड नॉर्दर्नचे ब्रॅडफर्ड बुल्स झाले. सामन्याआधी गाणी, मुलांसाठी खेळ, शाळाशाळांतून फिरणारे खेळाडू, आणि मैदानावर दणदणीत विजय. दोन-तीन वर्षांत गर्दी काही पटींनी वाढली. इथे कोणती पिढीजात सवय होती? उत्तर असे, की ब्रॅडफर्डनेही ओड्सल हे आपले मैदान सोडले नव्हते. १९५४ मध्ये वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांच्यातला फेरसामना पाहायला जिथे अधिकृत मोजणीनुसार १,०२,५६९ लोक लोटले, तेच ते प्रचंड खोलगट मैदान. नाव बदलले, पत्ता तोच राहिला. तरी जाहिरात आणि विजय यांच्या बळावर नवा प्रेक्षक झपाट्याने जमू शकतो, एवढे मी मान्य करतो. तो टिकतो का, हा पुढचा प्रश्न. विजय थांबले, क्लब कर्जात रुतला, २०१७ च्या जानेवारीत जुनी कंपनी मोडीत निघाली, आणि त्या मोठ्या गर्दीतला फार थोडा भाग नव्या क्लबामागे उभा राहिला. जे राहिले त्यांतच क्लबचा पुढचा आधार होता. समारंभाला आलेला पाहुणा आणि घरचा माणूस यांत हा फरक राहतोच, आणि २०१३ च्या विश्वचषकात हडर्सफील्डला आलेले चोवीस हजार लोक पाहुणेच होते.

टीव्हीवर ठपका ठेवणे सोपे आहे. १९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाली ती रूपर्ट मर्डॉक यांच्या स्काय वाहिनीच्या पैशांवर. हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात आला, सामने गुरुवार-शुक्रवारच्या रात्री होऊ लागले. २०२४ पासून तर प्रत्येक सामना घरी बसून पाहता येतो. हडर्सफील्डमध्ये उन्हाळा म्हणजे क्रिकेटही: इथली स्थानिक क्रिकेट लीग १८९१ पासून चालू आहे. शनिवारी गावोगावच्या मैदानांवर स्वतः खेळणारे किंवा पोरांना खेळायला नेणारे हेच ते लोक, ज्यांनी रग्बीचे स्टँड भरायचे. अडचण खरी आहे. पण टीव्ही विगनमध्येही आहे आणि क्रिकेट लीड्समध्येही, आणि त्या दोन्ही ठिकाणी दहा हजारांच्या बरेच वर प्रेक्षक येतात. सगळ्यांना सारखाच लागू होणारा नियम एकाचीच पिछेहाट समजावू शकत नाही.

मैदानाचे मात्र तसे नाही. १९९४ चे हे स्टेडियम देखणे आहे. छतांच्या प्रचंड पांढऱ्या कमानी दुरून दिसतात, आणि ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने १९९५ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम इमारतीचा मान दिला होता. पण ते फुटबॉलच्या मापाने शिवलेले आहे. पाच हजार लोकांना एका-दोन बाजूंना बसवावे लागते, समोर रिकाम्या रांगाच रांगा. रग्बी लीगची खरी गंमत जवळून कळते. शंभर किलोचा माणूस पूर्ण वेगात येतो, तिघे त्याला छातीवर झेलतात, तो धपका कानांनी ऐकू येतो, पडलेला खेळाडू दातओठ खात उठून पायाखालून चेंडू मागे सारतो, आणि रेषेजवळ उभा असलेला प्रेक्षक पंचाला ओरडून सांगतो की बचाव करणारे खेळाडू अजून नियमाप्रमाणे दहा मीटर मागे गेलेले नाहीत. लहान मैदानात या ओरडण्याला शेजारून साथ मिळते. मोठ्या रिकाम्या मैदानात आवाज वर जाऊन विरतो, माणूस संकोचतो, पुढच्या वेळी येत नाही. दुसरी गोष्ट व्यवहाराची. जागा कधीच संपणार नाही हे ठाऊक असले की आगाऊ तिकीट कुणी काढत नाही. हंगामी पासाची निकड राहत नाही. सामन्याला जायचे की नाही हे त्या दिवशीच्या पावसावर ठरते, आणि यॉर्कशरमध्ये पाऊस कमी नाही. तिकीट स्वस्त करून हे सुटत नाही. ज्या वस्तूची टंचाई नाही तिची किंमत आणखी उतरवली तर तिची पत उतरते. आता याला हिशेबाचीही धार आली आहे. २०२२ मध्ये रग्बी लीगने आयएमजी कंपनीशी बारा वर्षांचा करार केला, आणि क्लबांना वीसपैकी गुण देऊन त्यांची श्रेणी ठरवायची पद्धत आली. त्यात चाहत्यांची संख्या मोजली जाते आणि स्टेडियमचा किती भाग वापरात येतो हेही. चोवीस हजारांच्या मैदानातले पाच हजार लोक आणि आठ हजारांच्या मैदानातले पाच हजार लोक कागदावरही सारखे राहिले नाहीत.

शहराची बदललेली वस्ती हे कारणही हलक्या आवाजात सांगितले जाते. हडर्सफील्ड ज्या कर्कलीज विभागात येते तिथे सुमारे पाचवा हिस्सा लोक दक्षिण आशियाई मुळांचे आहेत: पाकिस्तानी, पंजाबी, गुजराती मुसलमान. कॅरिबियन वस्तीही जुनी. नवे लोक रग्बी पाहत नाहीत, असा या कुजबुजीचा सूर. मला तो अन्यायाचा वाटतो. कॅरिबियन घरांतून या खेळाला मोठमोठे खेळाडू मिळाले. २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून खेळलेला जर्मेन मॅकगिल्व्हरी हडर्सफील्डचाच, आणि २००८ पासून जायंट्सशी एकनिष्ठ राहिलेला लेरॉय कजोही इथलाच. लीड्सच्या इक्रम बट यांनी १९९५ मध्ये इंग्लंडचा पोशाख घातला. तो मान मिळवणारे ते दक्षिण आशियाई मुळांचे पहिले रग्बीपटू. खेळाची दारे बंद नव्हती. पण गिरणीत रात्रपाळी करायला १९६०-७० च्या दशकांत आलेल्या माणसाला शेजारी सामन्याला नेत असते, तर त्याच्या मुलाला ती सवय लागली असती. नेमक्या त्याच काळात शेजाऱ्यानेच जाणे सोडले होते. ज्यांच्या घरात परंपरा नव्हती त्यांना ती देणारे कुणी उरले नव्हते, आणि त्यांच्या मुलांनी क्रिकेट आणि फुटबॉल धरला.

उपाय काय, याचे सर्वांत जवळचे उत्तर वीसेक किलोमीटरवर वेकफील्डमध्ये आहे. हा संघ २०२३ मध्ये सुपर लीगमधून खाली फेकला गेला. नवा मालक आला, त्याने बेल व्ह्यू या जुन्या, अडचणीच्या मैदानावरच पैसा लावला. तिथे नवा स्टँडही उभा राहिला होता. २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळताना संघाने १८९५ कप आणि त्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले, आणि गर्दी घटायच्या ऐवजी वाढली. पुढच्या वर्षी तो सुपर लीगच्या बाद फेरीत होता. हडर्सफील्डच्या क्लबनेही स्वतःच्या लहान मैदानाचा विचार बोलून दाखवला आहे. त्याला विरोध करणारे म्हणतात, की शहरात उत्तम स्टेडियम असताना दुसरे बांधणे ही उधळपट्टी आहे, आणि कर्कलीजमध्येच बॅटली आणि ड्यूसबरी असे आणखी दोन व्यावसायिक रग्बी क्लब आहेत. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पण फुटबॉलच्या मापाच्या मैदानात तीस वर्षे राहून क्लबला सवय लावता आली नाही, हाही खर्चच आहे, फक्त तो कुणी वहीत मांडत नाही. नऊ-दहा हजारांचे मैदान बांधले म्हणून पहिल्या वर्षी पंधरा हजार लोक येणार नाहीत, पाच हजारच येतील. फरक असा, की ते पाच हजार एकमेकांना लागून बसतील, पास वेळेवर काढावा लागेल, आणि अंडरबँक किंवा न्यूसमच्या हौशी क्लबात रविवारी सकाळी खेळणाऱ्या मुलांना दुपारी तिथे नेऊन बसवता येईल. ती मुले पंधरा-वीस वर्षांनी स्वतःच्या पोरांना घेऊन येतील की नाही, यावर या बांधकामाचे यश मोजावे लागेल. तेवढी वर्षे पहिल्या तीन हंगामांच्या आकड्यांनी न बिचकणारा मालक आणि नगरपालिका लागेल.